काकांच्या स्कूटरची साखळी

आमच्या घरात त्याला कुणी कॉम्प्रेसर म्हणत नसे. सगळे 'गाडा' म्हणत. दोन टायरांवर बसवलेलं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला हवेचा पंप, पोटाखाली लांबट टाकी आणि पुढे जीपला अडकवायचा जाड लोखंडी दांडा. सकाळी जीप तो ओढत कुकटपल्लीकडे न्यायची. तिथं त्याच्या हवेवर ड्रिल चालायचे, खडकात भोकं पडायची. हैदराबादेत पाया खणायचा म्हणजे आधी खडकाशी भांडायचं, त्यामुळे गाड्याला काम नाही असे दिवस मला फारसे आठवत नाहीत. संध्याकाळी तो बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहायचा, अंगभर पांढरी धूळ घेऊन. इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ त्यातून टिकटिक आवाज येत राही, तापलेलं लोखंड निवत असल्याचा. आई म्हणायची, "आला बाई तुमचा जावई," आणि धूळ घरात येऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्यायची.

गाडा बाबांचा आणि श्रीपादकाकांचा, दोघांचा होता. बाबा यंत्र बघायचे. काका कामं आणायचे; इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन, ठेकेदारांशी उर्दूत गोड बोलणं. आम्ही सगळे एकाच घरात, एकाच चुलीवर. माझा मोठा भाऊ रमेश कॉलेजात जायचा. मी शाळा संपवून घरी बसले होते. म्हणजे पुढं शिकवायचं की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि न ठरवणं म्हणजेच ठरवणं होतं हे मला कळायला वेळ लागला. पण त्या न ठरलेल्या दिवसांत रविवारची सकाळ माझी होती. बाबा जुनी लुंगी नेसून गाड्याखाली सरपटत जायचे आणि आतूनच हाक मारायचे, "सुमे, पाने आण." मी पाने द्यायला जायची. मग हळूहळू पानेच धरायला लागले.

सगळ्यात आधी चाकांना मागून-पुढून दगड लावायचे. मग टाकीच्या बुडाशी असलेली तोटी उघडायची. हवेतलं पाणी टाकीत साठतं आणि लोखंड आतून खातं, म्हणून ते रोज काढायचंच असतं. रोज ते काम गाड्यावरचा ऑपरेटर यादगिरी करायचा, रविवारी मी. फुस्स करून तांबडं गढूळ पाणी मातीवर उडायचं आणि शेजारच्या भिंतीवरचे कावळे उठायचे. मग तेलाची कांडी ओढून, चिंधीनं पुसून, परत घालून बघायची. हवेची जाळी काढून दगडावर हलकेच आपटायची, तेव्हा तिच्यातून पिठासारखी धूळ पडे. अंगठ्यानं पट्टा दाबून बघायचा, फार ढिला नको, फार ताणलेला नको. सेफ्टी वाल्वची कडी ओढायची, तेव्हा असा काही आवाज व्हायचा की आतून काकू ओरडायच्या, "अगं मारता का आम्हाला!" आणि शेवटी, बाबा गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि पुढच्या दांड्याशी यायचे. तिथं ते बोलत नसत. दांड्याच्या टोकाचा गोल डोळा झिजलाय का, ते बोट फिरवून बघायचे. त्यातून जाणारी खीळ, खिळीतली क्लिप. आणि दोन्ही बाजूंनी जीपला अडकवायची साखळी, खीळ निसटलीच तर गाडा मोकळा सुटू नये म्हणून. ती साखळी ते दोन्ही हातांनी ओढून बघायचे. एकदा म्हणाले होते, "इंजिन बिघडलं तर काम थांबतं, सुमे. हे बिघडलं तर माणूस जातो." एवढंच. मला ते पाठ करायला लागलं नाही.

मग आई आम्हाला मागच्या दारीच बसवून वाढायची, आत येऊ द्यायची नाही. ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, कांदा. यादगिरी आलेला असला तर तोही आमच्याबरोबर जेवायचा. तो नलगोंड्याकडचा, उंच आणि हडकुळा, बायको लक्ष्मम्मा आणि दोन पोरींसह गौलीगुड्यात एका खोलीत राहायचा. फार बोलका, थोडा बढाईखोर. माझे काळे हात बघून म्हणायचा, "चिन्नम्मा, मेरी नौकरी खाती क्या तू?" आणि आपणच हसायचा. रॉकेल लावून, मग बेसन लावून मी हात धुवायची. तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायचीच. मला ती आवडायची. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रेघेवरूनच सगळं सुरू झालं. पुण्याहून मला बघायला माणसं आली. मुलगा इंजिनियर. आई दोन दिवस लिंबाच्या सालीनं माझी नखं घासत होती. मी पोह्यांच्या बश्या पुढे केल्या तेव्हा मुलाच्या आईनं माझा हात धरला, उलटा केला आणि विचारलं, "हे काय गं?" मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "बागकामाची फार हौस आहे तिला." आमच्या घरी बाग नव्हती. तुळस होती, तीही गाड्याच्या धुरानं मेलेली. मी बाबांकडे बघितलं. बाबा बशीतले शेंगदाणे बोटानं बाजूला करत होते.

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, "आता पोरीनं गाड्याला हात लावायचा नाही. लग्न होईपर्यंत तरी लोकांत शोभा नको." मी म्हटलं, "मग कोण बघणार?" काका म्हणाले, "रमेश बघेल. पुरुषाचं काम आहे ते." रमेशला कावळ्यांएवढीसुद्धा त्या यंत्राची ओळख नव्हती. बाबांनी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही, आणि त्यांना न कळू देणंच सोयीचं होतं. बाबांच्या कंबरेत तेव्हा उसण भरलेली, गाड्याखाली जाणं त्यांना जमत नव्हतं. म्हणजे पुढचे सगळे रविवार रमेशचे. तो तोटी उघडायचा, पाणी उडालं की मागं उडी मारायचा, कांडी वर-खाली करायचा आणि हात पुसत आत येऊन म्हणायचा, "झालं." मी आत स्वयंपाकघरात शेवया वळत बसलेली असायची. वाल्वचा आवाज आला नाही हे मला आतून ऐकू यायचं. जाळी आपटली नाही, तेही. आवाज न होणं ऐकू येतं माणसाला, सवय असली की.

मध्येच थांबून एक सांगते. मी आता मुलीकडे कुकटपल्लीत राहते. समोर मोठ्या इमारतीचा खड्डा खणतायत. आताचे कॉम्प्रेसर पेटीत बंद असतात, आवाज कमी. परवा संध्याकाळी मी खाली उतरून त्याच्या दांड्याशी गेले आणि वाकून बघितलं. साखळी होती, पण टोकाचा हूक तुटलेला, तारेनं गुंडाळून ठेवलेला. तिथला पोरगा म्हणाला, "क्या होना, अम्मा?" मी त्याला काही बोलले नाही. सुपरवायझरला बोलावलं आणि त्याला जे काही बोलले ते वरच्या गॅलरीतून मुलीनं ऐकलं. ती म्हणते, "मम्मी, इतकं काय ओरडायचं? ब्लडप्रेशर वाढवून घेतेस." ती मराठी अडखळत वाचते, तरी हे प्रकरण तिनं वाचावं, अडखळत का होईना.

तर काकांनी त्या दिवसांत नवी स्कूटर घेतली. हिरवी. गल्लीत कुणाची तरी सायकल चोरीला गेली होती, म्हणून काकांना धास्ती. एका सकाळी मी रांगोळी घालायला बाहेर आले तर स्कूटरचं पुढचं चाक खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलेलं, वर पितळी कुलूप. ती साखळी मी कुठंही ओळखली असती. मी गाड्याकडे गेले. दांड्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या.

काका दाढी करत होते. मी म्हटलं, "काका, ती गाड्याची साखळी आहे."

"माहीत आहे मला."

"ती काढायची नसते."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "खीळ आहे ना? खीळ घातल्यावर साखळीचं काय काम? दुसरी आणू बाजारातून. जा, आई हाक मारतेय."

मी रमेशला सांगितलं. तो म्हणाला, "आणतो म्हणालेत ना काका." मी बाबांना सांगितलं. बाबा पलंगावर पालथे पडले होते, आई पाठीला तेल लावत होती. ते म्हणाले, "श्रीपादला सांगतो." त्यांनी सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. साखळी स्कूटरलाच राहिली. मी पुन्हा सांगितलं, जेवायला सगळे बसले असताना, मोठ्यानं. काकू म्हणाल्या, "लग्न ठरलेल्या पोरीनं साखळ्या-खिळ्यांचं काय बोलायचं गं?" आणि सगळे हसले. बाबासुद्धा. मोठ्यानं नाही, पण हसले.

गाडा सुटला तो कुकटपल्लीच्या उतारावर. जीप रमेश चालवत होता. जीपमध्ये ड्रिलचे गज आणि नळ्या भरलेल्या, म्हणून यादगिरी नेहमीसारखा गाड्याच्या पुढच्या कडेला, दांड्यावर पाय ठेवून बसलेला. बसू नये तिथं, पण जागाच दुसरी नसायची आणि सगळ्यांना ते माहीत होतं. खिळीची क्लिप हरवली होती, रमेशनं तिच्या जागी तार ओवली होती. खड्ड्यात चाक आपटलं, तार तुटली, खीळ उडाली. दांडा खाली पडून रस्त्यात रुतला, गाडा त्यावरून फिरला आणि आडवा झाला. यादगिरीचा उजवा पाय खाली सापडला. रमेश घरी आला तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि तो सारखं एकच म्हणत होता, "मी हळू चालवत होतो, मी हळू चालवत होतो." मग न्हाणीघरात जाऊन रडला. सरकारी दवाखान्यात यादगिरीचा पाय गुडघ्याखाली कापला.

काका त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन आले. काय सांगून आले ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. दुपारची वेळ. माझ्या लग्नाचे पापड लाटायला बायका जमल्या होत्या, उडदाच्या पिठाचा वास घरभर भरलेला. बाहेर आवाज चढला म्हणून मी खिडकीशी गेले. लक्ष्मम्मा आली होती, तिच्या भावाबरोबर. पदर डोक्यावरून घसरलेला, डोळे सुजलेले. काका पायरीवर उभे होते, तिच्यापेक्षा उंच.

"पीको बैठा था उन," काका म्हणत होते. "कल्लू पीको काम पे आया. खीळ लगाना उसका काम. नै लगाया. अब हम क्या करना?"

लक्ष्मम्मा म्हणाली, "तागलेदु दोरा. नै पिया था. सुबू में घर से चाय पीको निकला. मेरे बच्चों की कसम."

"तू थी क्या वहाँ?" काकांनी विचारलं.

यादगिरी कधीमधी कल्लू, म्हणजे ताडी, प्यायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून ते खोटं इतकं सोपं होतं. तिच्या भावानंही मान खाली घातली, जणू त्यालाच खात्री नव्हती. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, कंबरेला पट्टा बांधलेला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू ज्यांनी मला शिकवला ते बाबा जमिनीकडे बघत होते.

मला एवढंच आठवतं की लाटणं माझ्या हातून खाली पडलं आणि मी बाहेर होते. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"काका, साखळी कुठाय?"

"आत जा."

"साखळी कुठाय, सांगा यांना." मग मी लक्ष्मम्माकडे वळून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "गाडे की जंजीर वो रही. काका के स्कूटर को. क्लिप नै थी, तार डाले थे. यादगिरी नै डाला, हमारे घर के लोगां डाले. जंजीर रहती तो गाडा छूटताच नै था."

काका खाली उतरले. "तोंड फोडीन," ते म्हणाले. तोवर त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मी कुलपाची किल्ली मागितली. ते नाही म्हणाले. तेव्हा मी हत्यारांच्या पेटीतून करवत काढली आणि स्कूटरशी खाली बसून साखळीची कडी कापायला लागले. पापडवाल्या बायका दारात गोळा झालेल्या. आई "सुमे, सुमे" करत होती, पण पुढे आली नाही. पातं मध्येच मोडलं. दुसरं लावलं. करवत कडीवरून घसरून स्कूटरच्या हिरव्या रंगावर ओरखडे पडले, आणि खरं सांगते, ते पडताना मला बरं वाटलं. साखळी ढिली असल्यानं पातं धरत नव्हतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी वाकलं. मला वाटलं, आता काका मारणार. बाबा होते. त्यांनी साखळीचं दुसरं टोक धरलं आणि ताणून ठेवलं. कंबरेमुळे त्यांना वाकवत नव्हतं, कपाळावर घाम आला होता. कडी तुटली. मी साखळी लक्ष्मम्माच्या हातात दिली. तिनं ती घेतली, माझ्याकडे बघितलं आणि भावाला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेली.

पुढचं एकदमच सांगून टाकते. काकांनी त्या महिन्यात वेगळी चूल केली आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. पुण्याच्या माणसांना कुणीतरी सगळं कळवलं, लग्न मोडलं; आईनं वाळलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकले, कारण ते घरात बघवत नव्हते तिला. रमेशचा राग मला फार दिवस धरता आला नाही, तो आपला आपणच खचत गेला. यादगिरीला बाबांच्या आग्रहावरून एका ठेकेदारानं गोदामावर बसवलं. लाकडी पाय लावून तो बरीच वर्षं तिथं होता. तो काही मला देवी मानत नव्हता. पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, "पाँव तो गया, चिन्नम्मा. लेकिन मेरेकू पियक्कड बोले, वो जास्ती लगा."

पण मला लिहायचं आहे ते साखळी कापल्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी. बाबा सकाळी उठून म्हणाले, "चल." आम्ही बसनं दवाखान्यात गेलो. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास. यादगिरीच्या खाटेशी उभं राहून बाबांनी आजूबाजूचे पेशंट, नर्स, सगळ्यांच्या देखत सांगितलं की तू प्यायला नव्हतास, चूक आमची आहे, मी ठाण्यातही तेच लिहून देतो. तिथून ठाण्यात गेलो आणि त्यांनी खरंच तसं लिहून दिलं. सख्ख्या भावाच्या विरुद्ध. मला तेव्हा बाबांचा इतका अभिमान वाटला की सगळं पोटात घालायला मी तयार होते. बाहेर पडून आम्ही गौलीगुड्याच्या बसथांब्यावर उभे राहिलो. ऊन, गर्दी, भाजीवाल्यांची ओरड. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू बोललीस ते खरं होतं, सुमे. पण हे घरात सांगायचं होतंस. चार लोकांत नाही."

मी म्हटलं, "घरातच सांगितलं होतं, बाबा. तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात."

त्यांना ते आठवतच नव्हतं. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवलं नाही.

बस आली. मी चढले नाही. मी चालायला लागले, काचीगुड्याच्या दिशेनं, इतक्या वेगानं की पायातल्या चपलांचा आवाज मलाच मारल्यासारखा येत होता. बाबांनी हाक मारली. मग त्यांनीही बस सोडली आणि मागून यायला लागले. कंबरेवर हात ठेवून, मध्ये मध्ये थांबत. ते थांबले की मला कळायचं. मी थांबले नाही. आज मला माहीत आहे की सख्ख्या भावाचं नाव ठाण्यात लिहून देणं त्या माणसाला किती जड गेलं असेल. मुलगी म्हणते, इतकं केलं त्यांनी, एका वाक्याचं काय घेऊन बसलीस? मी घेऊन बसले आहे. त्या घरात माझा आवाज ऐकू आला तो गल्लीला ऐकू गेला म्हणून, आणि त्याचीच त्यांना शरम वाटली.

वाटेत एका हातगाडीशी बाबा थांबले. थोड्या वेळानं धापा टाकत माझ्या बरोबरीनं आले आणि त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. जाम होते, म्हणजे पेरू, मध्ये चिरून मीठ-तिखट भरलेले. मला जाम किती आवडतात ते त्यांना माहीत होतं. मी हात पुढे केला नाही. ती पुडी तशीच हातात धरून ते बरकतपुऱ्यापर्यंत माझ्या शेजारून चालत आले. घरी आल्यावर त्यांनी ती ओट्यावर ठेवली. आईनं खाल्ले, रमेशनं खाल्ले, बाबांनीही एक फोड तोंडात टाकली. मी खाल्ले नाहीत.